न्यूट्रॉनचा झोत सहीसाठी थांबत नाही : राज्यातील विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि मा. वित्त व लेखा अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : संशोधन केंद्रांवर मंजूर झालेला बीमटाइम विद्यापीठाच्या परवानगीअभावी वाया जाण्याबाबत

महोदय, महोदया,

यंदा माझ्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला इंग्लंडमधल्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रावर मिळालेला बीमटाइम, म्हणजे उपकरण वापरायला वाटून मिळालेले दिवस, आम्हाला परत करावा लागला. तिचा प्रस्ताव तज्ज्ञांनी वाचून पसंत केला होता, नमुने तयार होते, उपकरणावरची तारीख ठरली होती. व्हिसाच्या अर्जाला जोडायचे विद्यापीठाचे पत्र आणि प्रवासखर्चाच्या उचलीचा आदेश मात्र वेळेत निघाला नाही. आदेश निघाला तो तारीख उलटून गेल्यावर. ‘मंजूर’ असा शेरा असलेला तो कागद आता विभागाच्या फाइलीत लागला आहे.

हे पत्र एका विद्यापीठाविरुद्ध नाही, म्हणून मी त्याचे नाव घेत नाही. राज्यातल्या इतर विद्यापीठांमधल्या सहकाऱ्यांशी बोलले. कुणी इंदूरच्या इंडस-२ या तीव्र एक्स-रे देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर मोजमापाला जाणारे, कुणी ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीवर जाणारे. जागा वेगळ्या, उपकरणे वेगळी, पण सगळ्यांची फाइल अडते ती त्याच टेबलांवर. अर्ज-विनंत्या, तोंडी आठवणी, लेखी स्मरणपत्रे हे सगळे करून झाले आहे. म्हणून आता जाहीरपणे लिहिते आहे.

आपल्यापैकी बरेच जण इतर विद्याशाखांतून आलेले आहात, तेव्हा बीमटाइम म्हणजे काय ते आधी सांगते. न्यूट्रॉनचा पुरेसा तीव्र झोत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार करता येत नाही. त्यासाठी अणुभट्टी तरी लागते, नाहीतर मोठा प्रवेगक. ट्रॉम्बेची ध्रुव ही १०० मेगावॉटची अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये प्रथम क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात स्वतःहून चालू राहणारी साखळी अभिक्रिया सुरू झाली. तिच्यातून बाहेर काढलेल्या झोतांवर डिफ्रॅक्टोमीटर, स्पेक्ट्रोमीटर अशी उपकरणे बसवलेली आहेत. आयसिसमध्ये अणुभट्टी नाही. तिथे प्रोटॉनना प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८४ टक्के वेग देऊन टंगस्टनवर आदळवतात आणि त्या आघातातून न्यूट्रॉन सुटतात. हे सेकंदाला ५० वेळा घडते. दोन्हीकडे गोष्ट एकच : उपकरणे मोजकी, वापरायला इच्छुक गट भरपूर. त्यामुळे उपकरणाचे दिवस वाटून दिले जातात. त्या वाटून मिळालेल्या दिवसांना आम्ही बीमटाइम म्हणतो.

जगात ही केंद्रे वाढत चालली आहेत असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. आपली ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी २०१० च्या अखेरीस बंद झाली. कॅनडातली चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी २०१८ मध्ये थांबली. बर्लिनची बीईआर-२ आणि पॅरिसजवळच्या साक्ले येथील ऑर्फे या दोन्ही अणुभट्ट्या २०१९ मध्ये कायमच्या बंद झाल्या. तिथे काम करणारे संशोधक घरी बसले नाहीत, ते उरलेल्या केंद्रांच्या रांगेत आले. त्याच रांगेत आमची मुले उभी आहेत आणि आपल्या प्रस्तावाच्या जोरावर पुढे सरकत आहेत.

आयसिसमध्ये नेहमीच्या प्रस्तावांची फेरी वर्षातून दोनदा होते, मुदत एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये संपते. प्रस्तावाचा वैज्ञानिक भाग दोनच पानांचा असतो. पण त्या दोन पानांत प्रश्न काय आहे, तो एक्स-रेने का सुटत नाही, हेच उपकरण का हवे, किती दिवस हवेत, कोणकोणत्या तापमानाला मोजणार आणि नमुना किती ग्रॅम आहे, हे सगळे बसवायचे. आधीची मोजमापे हाताशी नसतील तर प्रस्ताव टिकत नाही. बाहेरचे तज्ज्ञ तो वाचतात, दुसऱ्या देशांतल्या प्रस्तावांच्या शेजारी ठेवून त्याला क्रम देतात. उपकरण सांभाळणारे शास्त्रज्ञ तो प्रयोग करता येण्याजोगा आणि सुरक्षित आहे का ते पाहतात. मग दिवस मिळतात. जे संशोधन पुढे प्रसिद्ध होणार आहे, त्याच्यासाठी झोताचे भाडे घेतले जात नाही. म्हणजे जी गोष्ट विकत घ्यायची म्हटली तर एकाही राज्य विद्यापीठाला परवडणार नाही, ती आमच्या विद्यार्थिनीने दोन पाने लिहून मिळवली होती.

आता तिच्या कामाविषयी, कारण काय गमावले ते त्याशिवाय कळणार नाही. महाराष्ट्रात कोल्हापूरपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत फेराइटवर काम करणारे अनेक गट आहेत. फेराइट म्हणजे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड : रोहित्रांचे गाभे, अँटेना, संवेदक अशा असंख्य ठिकाणी लागणारे. तिचा पदार्थ मँगनीज-कोबाल्ट फेराइट. त्याच्या स्फटिकात धातूच्या आयनांना बसायला दोन तऱ्हेच्या जागा असतात. एका तऱ्हेच्या जागेभोवती ऑक्सिजनचे चार आयन, दुसऱ्या तऱ्हेच्या जागेभोवती सहा. कोणता धातू कोणत्या जागेवर किती प्रमाणात बसला आहे, यावर त्या पदार्थाचे सगळे चुंबकत्व अवलंबून असते. मँगनीज, लोह आणि कोबाल्ट यांचे अणुक्रमांक आहेत २५, २६ आणि २७. एक्स-रेला अणूतले इलेक्ट्रॉन दिसतात, त्यामुळे हे तिघे त्याला जवळजवळ सारखेच दिसतात. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतो. लोहाची न्यूट्रॉन विखुरण्याची क्षमता मोठी, कोबाल्टची तिच्या जवळपास पाव, आणि मँगनीजची तर उलट्या चिन्हाची. एकाच झोतात तिघे स्वच्छ वेगळे होतात. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकीय आघूर्ण असल्यामुळे, म्हणजे तो स्वतःच इवल्या चुंबकासारखा असल्यामुळे, कोणत्या आयनाचे चुंबकत्व कोणत्या दिशेला आहे, हेही त्याच मोजमापातून काढता येते. फेराइटमधल्या दोन तऱ्हेच्या जागांवरची चुंबकत्वे एकमेकांच्या विरुद्ध असतात, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांचे म्हणणे १९५१ मध्ये अमेरिकेत ओक रिज येथे क्लिफर्ड शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेटाइट या फेराइटवर न्यूट्रॉन सोडूनच दाखवून दिले होते. शल यांना १९९४ मध्ये बर्ट्रम ब्रॉकहाऊस यांच्याबरोबर नोबेल मिळाले. फेराइटवर काम करायचे आणि न्यूट्रॉनचे मोजमाप करायचे नाही, तर मुख्य प्रश्न कायम अंदाजावर सोडावा लागतो. आपल्या ग्रंथालयांतले कितीतरी प्रबंध नेमके याच ठिकाणी ‘असे मानता येईल’ या वाक्यावर थांबलेले आहेत.

नमुन्याचेही सांगते. एक्स-रेला चिमूटभर पूड पुरते, न्यूट्रॉनला काही ग्रॅम लागते. ही विद्यार्थिनी ऑक्साइड मोजून घेते, अगेटच्या खलात अ‍ॅसिटोन घालून तासन्‌तास घोटते, गोळ्या दाबते, भट्टीत हजार अंशांच्या वर तापवते, पुन्हा घोटते, पुन्हा तापवते. भट्टी ठरलेल्या वेगानेच थंड व्हावी लागते, कारण थंड होण्याचा वेग बदलला की आयनांची वाटणी बदलते. मध्येच वीज गेली की तो सगळा घाणा टाकून द्यायचा. असे करत तिने नमुन्यांची पूर्ण मालिका बनवली. कोबाल्टचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाणाऱ्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. त्या अजून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, आहेत.

आता तक्रारी. त्या कोणत्या लिपिकाविरुद्ध नाहीत, हे आधी स्पष्ट करते. आस्थापना विभागातल्या एका बाईंनी ही फाइल स्वतः हातात घेऊन दोन इमारती पार केल्या आहेत, हे मी पाहिले आहे. दोष नियमांच्या रचनेत आहे आणि ती बदलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

पहिली तक्रार पूर्वपरवानगीची. बीमटाइमसाठी नुसता अर्ज करायचा तरी विद्यापीठाची परवानगी आधी घ्या, असा आग्रह धरला जातो. विभागप्रमुख, अधिष्ठाता, पदव्युत्तर विभाग, कुलसचिव, कुलगुरू अशी फाइल चढते आणि त्याच पायऱ्यांनी उतरते. अर्ज करण्यात विद्यापीठाचा एक रुपया खर्च होत नाही, विद्यापीठावर कसले बंधनही येत नाही. बहुतेक अर्ज नामंजूर होऊ शकतात हे गृहीत धरूनच आम्ही ते करत असतो. मग परवानगी नेमकी कशाची? एप्रिलची मुदत हुकली की पुढची संधी ऑक्टोबरमध्ये. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात सहा महिने म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

दुसरी तक्रार रजेची. परवानगीच्या छापील नमुन्यात परिषद, चर्चासत्र, कार्यशाळा, उद्बोधन वर्ग एवढेच पर्याय असतात. प्रयोगासाठी रकानाच नाही. त्यामुळे प्रयोगाला जाणाऱ्या शिक्षकाला अर्जित रजा टाकायला सांगतात, किंवा ‘कार्यशाळा’ या रकान्यापुढे खूण करा म्हणून सुचवतात. मी न केलेल्या कार्यशाळेवर खूण करणार नाही, आणि कुणालाही ती करायला लावू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कर्तव्य रजेची तरतूद स्पष्ट आहे. विद्यापीठाने पाठवले असेल तर देशातल्या वा परदेशातल्या दुसऱ्या संस्थेत काम करण्यासाठीही ती देता येते. म्हणजे नवा नियम करण्याचीसुद्धा गरज नाही. छापील नमुन्यात एक ओळ वाढवायची आहे. तेवढी एक ओळ नाही म्हणून दरवर्षी नवी टिपणी, नवा अभिप्राय आणि ‘पूर्वोदाहरण जोडावे’ हा शेरा.

संशोधक विद्यार्थ्यांचे हाल याहून वाईट. त्यांची हजेरी बोटाच्या ठशावर. ट्रॉम्बेला अणुभट्टीच्या दालनात रात्रभर मोजमाप घेऊन आलेला विद्यार्थी हजेरीपत्रकात गैरहजर दिसतो. मग त्या दिवसांचे स्पष्टीकरण, त्यावर मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखांची सही, आणि हे सगळे होईपर्यंत अधिछात्रवृत्तीचा त्या महिन्याचा कागद अडलेला.

तिसरी तक्रार पैशांची, आणि ती थोडक्यात सांगता येते. उचल शिक्षकाच्या नावावर निघते, विद्यार्थ्याच्या नावावर निघत नाही. विद्यार्थ्याने आधी स्वतः खर्च करावा आणि नंतर देयक सादर करावे, अशी अपेक्षा असते. शेतकऱ्याच्या, रिक्षाचालकाच्या, अंगणवाडी सेविकेच्या घरातून आलेल्या मुलांनी लंडनचे तिकीट आधी कुठून काढायचे? काही प्रवासांना बाहेरून मदत मिळते, पण तीही बहुतेकदा प्रवास झाल्यावर हाती येते. आई-वडिलांनी सोने गहाण ठेवून मुलाला प्रयोगाला पाठवल्याचे मला माहीत आहे. ज्यांच्या घरी गहाण ठेवायलाही काही नाही, ती मुले अर्जच करत नाहीत. गुणवत्तेवर मिळणारी गोष्ट अशी घरच्या ऐपतीवर येऊन थांबते. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात हे घडावे, याचे मला फार वाईट वाटते.

चौथ्या तक्रारीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. याच विद्यार्थिनीला, पहिल्यांदा ट्रॉम्बेला मोजमापाला जायचे ठरले तेव्हा, पालकांचे संमतिपत्र आणायला सांगितले गेले. तिचे वय तेव्हा पंचविशीच्या पुढे होते. त्याच महिन्यात विभागातला एक मुलगा तसल्याच कामासाठी बाहेरगावी गेला, त्याच्याकडे कुणी संमतिपत्र मागितले नाही. कारण विचारले तर उत्तर आले, ‘मॅडम, रात्रपाळी आहे ना.’ होय, रात्रपाळी आहे. अणुभट्टी चालू असेल तर झोत रात्रंदिवस चालू असतो आणि एका तापमानाला एक पॅटर्न, म्हणजे मोजमापाचा एक पूर्ण आलेख, घ्यायला कित्येक तास लागतात. रात्री उपकरण बंद ठेवले तर मिळालेल्या वेळेतला निम्मा वेळ बुडतो. तिच्या वडिलांनी गावाहून सही करून कागद पाठवला. त्यांनी मला फोनवर एवढेच विचारले, ‘बाई, पोरीकडून काही चुकलं का?’ एका प्रौढ, पात्र संशोधिकेच्या घरी विद्यापीठाने असा प्रश्न पोहोचवला. ट्रॉम्बेच्या आवारात शिरताना ओळख, परवानगी, तपासणी सगळे काटेकोर असते, मोबाइलसुद्धा बाहेर ठेवावा लागतो. तिथल्या सुरक्षाव्यवस्थेला जिच्याविषयी शंका नाही, तिच्याविषयी शंका तिच्याच विद्यापीठाला असावी, हे मला मान्य नाही. मुलींच्या सुरक्षेची काळजी असेल तर तिची सोय करा : राहण्याची खोली, स्टेशनपासून गाडी, बरोबर जाणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थिनीचा खर्च. कागदावरच्या सहीने कुणी सुरक्षित होत नाही.

पाचवी गोष्ट नमुने पाठवण्याची. काही ग्रॅम ऑक्साइडची पूड परदेशी पाठवायची तर ती काय आहे, विषारी आहे का, तिचे व्यापारी मूल्य आहे का, याची घोषणा संस्थेने करावी लागते. ती सही कुणी करायची हे विद्यापीठात ठरलेलेच नाही. भांडार विभाग म्हणतो आमचे काम खरेदीचे, आवक-जावक विभाग म्हणतो आमचे काम टपालाचे. दरम्यान कुरिअरवाला पुडीकडे पाहून ‘केमिकल चालत नाही’ म्हणत परत जातो. यात कसलीही दुष्ट बुद्धी नाही. फक्त कुणाच्या तरी नावाने हे काम लिहून द्यायचे राहिले आहे.

आणि पदोन्नतीच्या अर्जात या सगळ्याला शून्य गुण आहेत, हेही नोंदवून ठेवते. स्पर्धेत मिळवलेल्या बीमटाइमपेक्षा एका दिवसाच्या चर्चासत्राचे प्रमाणपत्र फाइलीत जास्त उपयोगी पडते.

मी हे प्रश्न जेव्हा जेव्हा मांडले, तेव्हा काही आक्षेप पुन्हा पुन्हा ऐकले. नमुनेच पाठवून द्या, जायचे कशाला, हा त्यांतला पहिला. साध्या तापमानाला घ्यायचे एखादे मोजमाप पाठवलेल्या नमुन्यावर होऊ शकते आणि आयसिससारख्या केंद्रांत तशी सोयही आहे. ती आम्ही वापरावीच. पण नमुना द्रव हेलियमच्या तापमानाकडे नेत असताना एखादे नवे शिखर आलेखात उगवते, तेव्हा पुढचे मोजमाप कोणत्या तापमानाला घ्यायचे हे तिथेच, त्या तासाला ठरवावे लागते. तो निर्णय ज्याने नमुना बनवला त्याने घ्यायचा असतो. शिवाय नमुना ठेवायच्या व्हॅनेडियमच्या बोटाएवढ्या डबीत पूड कशी भरायची, झाकण कसे बसवायचे, नमुन्याबाहेरून येणारी पार्श्वभूमी कशी वजा करायची, हे हाताखालून गेल्याशिवाय येत नाही. डबी व्हॅनेडियमचीच का, तर त्या धातूची स्वतःची शिखरे आलेखात जवळपास दिसतच नाहीत. हे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आले आहे. ज्या विद्यार्थ्यांनी ती डबी हाताळली, त्यांना ते पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा : प्रयोगाच्या नावाखाली लोक फिरायला जातील. बीमटाइमइतकी नोंद क्वचितच दुसऱ्या कशाची राहत असेल. प्रयोगाला क्रमांक असतो, प्रत्येक मोजमापाला क्रमांक असतो, ते कधी सुरू झाले आणि कधी संपले याची वेळ यंत्र स्वतः लिहिते. लेखापरीक्षकांना ती नोंद हवी असेल तर आम्ही प्रत्येक देयकाबरोबर जोडायला तयार आहोत.

तिसरा आक्षेप असा की, हे फार थोड्यांचे काम आहे, त्यासाठी स्वतंत्र नियम कशाला. थोड्यांचे का आहे, याचा विचार व्हावा. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार कॅनडाला जाऊन ब्रॉकहाऊस यांच्याकडे शिकून आले आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उपकरणे घडवली. १९६० च्या दशकात भारताने दिलेल्या न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटरवर फिलिपिन्समध्ये आशियातले संशोधक शिकले. पुढे विद्यापीठांतल्या लोकांना अणुऊर्जा विभागाची मोठी उपकरणे वापरता यावीत म्हणून विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचा संयुक्त संघ उभा राहिला. त्याचे एक केंद्र मुंबईतच, ट्रॉम्बेलाच आहे. देशातले मुख्य न्यूट्रॉन केंद्र आपल्या राज्यात आहे. केरळ किंवा आसाममधल्या विद्यार्थ्याला जिथे यायला लांबचा प्रवास, तिथे आमची मुले रात्रीच्या गाडीत बसून सकाळी पोहोचू शकतात. दारापर्यंत आलेली ही सोय आमच्याच विद्यापीठांनी वापरायची नाही, तर कुणी वापरायची?

अणुभट्टीचे वेळापत्रक आपल्या सोयीने चालत नाही, हेही लक्षात घ्यावे. देखभालीसाठी ती बंद राहते, तारखा पुढे-मागे होतात, कधी ऐनवेळी निरोप येतो की या आठवड्यात उपकरण मोकळे आहे, या. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. पावसानंतर जमीन पेरणीजोगी होते तो वापसा दोन-चार दिवसांचा असतो. तो गेल्यावर पेरणीची परवानगी मिळून उपयोग नसतो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

बीमटाइमसाठी अर्ज करायला विद्यापीठाची पूर्वपरवानगी लागू नये, विभागप्रमुखांना दिलेली लेखी सूचना पुरेशी मानावी. बीमटाइम मंजूर झाल्याचे पत्र आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत प्रवासाची परवानगी, व्हिसासाठीचे पत्र आणि उचलीचा आदेश द्यावा. त्या मुदतीत निर्णय झाला नाही तर विभागप्रमुखांची मंजुरी अंतिम समजावी. देशांतर्गत प्रवासाचा अधिकार पूर्णपणे विभागप्रमुखांकडेच सोपवावा, म्हणजे ऐनवेळी आलेला निरोप वाया जाणार नाही.

शिक्षकांचे हे दिवस कर्तव्य रजा म्हणून आणि विद्यार्थ्यांचे दिवस हजेरी म्हणून धरावेत. छापील नमुन्यात ‘राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय केंद्रावरील प्रयोग’ असा रकाना घालावा.

प्रत्येक विद्यापीठाने आपल्या निधीतून एक छोटा फिरता निधी वेगळा काढावा. त्यातून विद्यार्थ्याला त्याच्याच नावावर उचल मिळावी आणि बाहेरची मदत आली की ती रक्कम परत जमा व्हावी. यात विद्यापीठाचा पैसा अडकतो तो काही महिने, बुडत नाही.

प्रौढ विद्यार्थिनींकडून पालकांचे संमतिपत्र मागणे तत्काळ आणि लेखी आदेशाने बंद करावे. ही मागणी मी इतर कोणत्याही मागणीच्या बदल्यात सोडायला तयार नाही.

नमुने पाठवण्याच्या घोषणापत्रावर सही करणारा एक अधिकारी प्रत्येक विद्यापीठात नावानिशी नेमावा. आणि पदोन्नतीच्या निकषांत स्पर्धेतून मिळालेल्या बीमटाइमला स्थान मिळावे, यासाठी आपण कुलगुरूंच्या संयुक्त बैठकीतून विद्यापीठ अनुदान आयोगाकडे शिफारस करावी. ही शेवटची बाब एकट्या विद्यापीठाच्या हातात नाही याची मला जाणीव आहे. बाकीच्या आहेत. त्यांतल्या बहुतेक व्यवस्थापन परिषदेच्या एका बैठकीत मार्गी लागू शकतात.

माझी विद्यार्थिनी पुन्हा अर्ज करणार आहे. नमुने जपून ठेवलेले आहेत, प्रस्तावाचा नवा मसुदा ती लिहिते आहे आणि तज्ज्ञांच्या पहिल्या अभिप्रायातल्या सूचना त्यात घेते आहे. या वेळी पसंती मिळेलच असे नाही, कारण स्पर्धा पहिल्यापासून सुरू होते. तिच्या अधिछात्रवृत्तीची मुदतही आता फार उरलेली नाही. पुढच्या फेरीची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते. वरील मागण्यांवर आपला निर्णय, होकार असो वा नकार, त्याआधी लेखी कळवावा. नकार असेल तर कारणेही द्यावीत, म्हणजे आम्हाला पुढे कुणाकडे दाद मागायची ते ठरवता येईल.

आपली विश्वासू,
राज्यातील एका सार्वजनिक विद्यापीठातील पदार्थविज्ञानाची प्राध्यापिका

प्रत माहितीसाठी : राज्यातील विद्यापीठांच्या अधिसभांचे व व्यवस्थापन परिषदांचे सदस्य, संशोधक विद्यार्थी आणि त्यांचे पालक